फुल्याच्या आतला खाकी खिसा

आर्णी,
११ नोव्हेंबर २०२४

श्री. भावसिंग आडे, वाहक, नेर आगार यांस,

सलाम. तुम्ही मला ओळखत नाही, मी तुम्हाला ओळखत नाही, आणि तुम्ही अजून नोकरीत आहात की रिटायर झालात तेही मला माहीत नाही. तरी लिहायला बसले आहे, कारण गेले पंधरा दिवस तुमचं नाव माझ्या शिलाई मशीनवर पडून आहे. घाबरू नका, नीट सांगते.

माझे मिस्टर शकील यांचं आर्णीत भंगारचं दुकान आहे. लोक त्यांना आणून देतात, ते पुढे पाठवतात, आणि मधल्यामध्ये मी उचलते. फुटक्या चाळणीची लॅम्पशेड, बैलाच्या गळ्यातल्या घंटांचं दाराला लावायचं झुंबर, सुपाचं घड्याळ, जुन्या साड्यांच्या काठांची तोरणं, असलं काहीबाही बनवते आणि आमच्या बचत गटातून ते विकलं जातं. शकील सगळ्यांना सांगतात, "दुनियेत मी एकटाच असा भंगारवाला आहे, ज्याच्या दुकानापेक्षा घरात जास्त भंगार आहे." सासूबाई हजराबी म्हणतात, "टूटी चीज घर में रखते नहीं, बेटा." पण पाहुणे आले की माझी लॅम्पशेड त्याच लावून दाखवतात.

गेल्या महिन्यात दिग्रसच्या पंजाबराव नावाच्या जुन्या चिंधीवाल्यांचं गोदाम रिकामं झालं. भांडेवाल्या बायका दारोदार फिरून जुने कपडे घेतात आणि डबे-पातेली देतात, त्यांच्याकडचा सगळा माल या पंजाबरावांकडे जायचा. ते वारले, तेव्हा मुलांनी उरलेली पोती शकीलना तोलून दिली. त्यातल्या एका पोत्याच्या तळाशी मला एक चौकोन सापडला. हातभर लांब, हातभर रुंद, गडद लाल, त्यावर आरसे, खाली कवड्यांची झालर, आणि टाके इतके बारीक की मी सासूबाईंचा चष्मा लावून मोजायला बसले आणि मध्येच सोडून दिलं. कापड चांगलं जाड आहे. एका कडेची शिवण उसवली होती, म्हणून आत पाहिलं, तर आत खाकी शर्ट! त्याचा खिसासुद्धा जागच्या जागी. आणि खिशाच्या आतल्या बाजूला फिकट निळ्या शाईत लिहिलेलं: भावसिंग आडे, वाहक, नेर.

आता मला राहवत नाही. ही वस्तू काय आहे? हिला म्हणतात काय? वरची बाजू कोणती? बनवली कोणी? आणि आत शर्ट घातला तो घातला, खिसा कशाला ठेवला? फेब्रुवारीत यवतमाळला बचत गटांचं प्रदर्शन आहे. हे मला मधोमध लावायचं आहे आणि खाली बनवणारीचं नाव लिहायचं आहे. माझा फोन नंबर मागच्या बाजूला लिहिला आहे.

तुमची कोणी नाही अशी,
नसरीन शकील

---

नेर,
२४ नोव्हेंबर २०२४

नसरीनबाईंस,

जय सेवालाल. पत्र आगारातून फिरत फिरत मिळालं. मला रिटायर होऊन सहा वर्षं झाली.

ती वस्तू आमची नाही. खाकी कपडे एस.टी.त सगळेच घालतात, आणि आडे आडनावाची माणसं आमच्या तांड्यात घरोघर आहेत. तरी तुम्ही विचारलं म्हणून माहिती देतो. तिला आमच्यात फुल्या म्हणतात. बाई डोक्यावर घागर घेते तेव्हा खाली चुंबळ असते, तिला आम्ही गणो म्हणतो. फुल्या त्या गणोला मागून जोडलेला असतो आणि मानेवरून पाठीवर लोंबतो. कवड्यांची बाजू खाली. आई लेकीसाठी भरते. लेक सासरी निघते तेव्हा तिला देतात.

केवळ माहितीसाठी विचारतो. मधल्या आरशाभोवतीचा दोरा पिवळा आहे की हिरवा? कवड्या किती उरल्या? आणि एका कोपऱ्यात टाके उलट्या बाजूला कललेले आहेत का?

उत्तर द्यायचं असल्यास पत्र फुलचंद यांची चहाची टपरी, बस स्थानकासमोर, नेर, या पत्त्यावर पाठवावं. तांड्यात टपाल उशिरा पोचतं. फोन करत नाही. फोनवर बोललेलं घरात सगळ्यांना ऐकू जातं, आणि मला तिकिटांमुळे कागदाचीच सवय.

भा. आडे

---

आर्णी,
१ डिसेंबर २०२४

भावसिंगकाका,

काका म्हटलं तर चालेल ना? साहेब म्हणून लिहायला माझी लेखणी अडखळते.

तुमचं पत्र मी तीन वेळा वाचलं. वस्तू तुमची नाही, पण तिच्या कुठल्या तरी कोपऱ्यात टाके उलटे कललेत हे तुम्हाला माहीत आहे! काका, तुम्ही कंडक्टर होतात हे बरं झालं. वकील झाला असतात तर तुमच्या अशिलांचं काही खरं नव्हतं.

तर ऐका. दोरा हिरवा आहे. कवड्या एकतीस, त्यातल्या तीन फुटक्या. आणि हो, उजवीकडच्या खालच्या कोपऱ्यात वीतभर जागेत सगळे टाके उलट्या दिशेला गेले आहेत. मला वाटलं होतं तो भाग दुसऱ्या कोणी भरला असेल. पण ताण तोच आहे, दोरा ओढायची सवय तीच आहे. माणूस एकच, हात मात्र वेगळा. हे असं कसं?

आणखी एक. शकील परवा जिनिंगचं भंगार बघायला नेरला गेलते. मी म्हटलं, फुलचंदच्या टपरीवर चहा पिऊन या. फुलचंद बोलका माणूस. म्हणाला, "आडेकाका न् काकू दोघंच राह्यतात जी. काका रोज दुपारी येऊन इचारतात, टपाल आलं काय? मी म्हणलं, या वयात कोनाचं टपाल येऊन राह्यलं तुमाले?"

म्हणजे घरात तुम्ही दोघंच. मग फोनवरचं ज्यांना ऐकू जातं ते "सगळे" कोण? काकूच ना? मला रागावू नका, मला सवयच आहे. गाठोडं दिसलं की सोडून बघावंसं वाटतं.

तुमची आता थोडी ओळखीची,
नसरीन

---

नेर,
९ डिसेंबर २०२४

नसरीनबाई,

तुमचे मिस्टर चहा पिऊन गेले ते कळलं. फुलचंदला समज दिली आहे.

आता माझा हिशेब ऐका. तुम्ही लिहिलं की कडेची शिवण उसवली होती आणि आत खिसा दिसला. त्या वस्तूला चारही बाजूंनी दुहेरी शिवण आहे. एक उसवली तर दुसरी धरून ठेवते. शिवाय खिसा कडेपासून चांगला चार बोटं आत आहे. कडेच्या उसवणीतून तो दिसत नाही, त्यातली शाई तर नाहीच नाही. पस्तीस वर्षं मी विनातिकीट माणसं नुसत्या बसण्यावरून ओळखली. नसरीनबाई, तुम्ही कात्री लावली आहे.

तुम्ही म्हणाल, वस्तू आमची नाही म्हणणाऱ्या माणसाला खिसा कुठं आहे ते कसं कळलं. ते तुम्ही म्हणायच्या आधी मीच लिहितो. फुल्या आमचा आहे. माझी बायको सोनीबाई हिनं तीन उन्हाळे बसून भरला. तिसऱ्या उन्हाळ्यात तिच्या उजव्या अंगठ्याला विळा लागला, तेव्हा तो कोपरा तिनं डाव्या हातानं केला. मी म्हणायचो, थांब की महिनाभर. ती थांबली नाही.

किती कापला ते खरं लिहा.

भावसिंग

---

आर्णी,
१६ डिसेंबर २०२४

काका,

तुमचं पत्र वाचून शकील पोट धरून हसले. मी हसले नाही.

चार तुकडे केले. मधून उभी आणि आडवी घडी पडून घडीवर कसर लागली होती, तिथूनच कापलं. मी पहिलं पत्र लिहिलं तेव्हाच ते कापून झालं होतं. कात्री फिरली, आतून खाकी निघालं, मग खिसा निघाला, मग नाव. मी कितीतरी जुनं कापड कापते, काका, कधी मागेपुढे पाहत नाही. पण नाव वाचलं आणि वाटलं, आपण एखाद्याच्या अंगावरचा शर्ट कापला. म्हणून "उसवली होती" असं लिहून मोकळी झाले. खोटं लिहिलं. माफ करा.

तुकड्यांचा पत्ता असा: एक लॅम्पशेडला लावला. एक आरशाच्या चौकटीला. तिसऱ्याची उशी करायला घेतली होती, ती अर्धवट आहे, खिसा त्याच तुकड्याच्या आत आहे. चौथा, तो डाव्या हाताच्या टाक्यांचा कोपरा, गेल्या आठवड्यात मी नसताना बचत गटातून पुसदच्या एका डॉक्टरीणबाईंनी नेला. टाके उलटे होते म्हणूनच त्यांना तो आवडला.

आता मला एक सांगा. जखमी अंगठ्यानं थांबली नाही अशा बाईनं तीन उन्हाळे लावून भरलेली वस्तू भांडेवालीच्या टोपलीत गेलीच कशी? काकूंनी दिली असेल हे मला पटत नाही. चोरीला गेली का? मला काकूंना भेटायचं आहे. त्यांच्या तोंडून ऐकायचं आहे. नेर काही लांब नाही, एखाद्या दिवशी येते.

तुमची गुन्हेगार,
नसरीन

---

नेर,
६ जानेवारी २०२५

नसरीन,

येऊ नको. आधी हे वाच.

तीन आठवडे पत्र पाठवलं नाही, कारण लिहायचो आणि फाडायचो. फुलचंदच्या चुलीत माझे पाच कागद गेले.

आम्हाला एकच मुलगी, संगीता. २०१२च्या मे महिन्यात सोनी भावाकडे मयतीला गेली होती. तेव्हा संगीता घरून निघून गेली. कपिल नावाचा मुलगा नेरला जिनिंगमध्ये कामाला होता, मूळ मुकुटबनचा, दुसऱ्या जातीचा. दोघांनी कोर्टात लग्न केलं. अंगावरच्या कपड्यांनिशी गेली, घरातली एक काडी उचलली नाही. मला त्याचाच जास्त राग आला, की बापाच्या घरचं हिला काहीच नको.

तिसऱ्या दिवशी दारात भांडेवाली आली. मी पेटी उघडली, फुल्या काढला आणि तिच्या टोपलीत फेकला. म्हटलं, तुले काय द्याचं ते दे. तिनं झाकणाचा स्टीलचा डबा दिला. पाच मिनिटांचं काम.

सोनी परत आली. पोरगी गेल्याचं तिला वाटेतच कळलं होतं. ती सरळ पेटीकडे गेली, उघडली आणि म्हणाली, "फुल्या कोठी हाय?" मी म्हणालो, "तुयी लेक घेऊन गेली."

आमच्या घरात आम्ही गोरबोली बोलतो, पण ती पुढे जे बोलली ते आलेल्या शेजारणींसमोर मराठीत बोलली, म्हणून तसंच लिहितो. "मले मांगला असता त मीच नेऊन देल्ला असता. माया हातचं चोरून नेलं." त्यानंतर तिनं संगीताचं नाव घेतलं नाही. संगीतानं दोनदा फोन केला. सोनीनं आवाज ओळखला आणि फोन ठेवून दिला. लेक चोर निघाली, हे तिच्या मनात घट्ट बसलं आहे. तिकडे संगीताला वाटतं, याडीनं, म्हणजे आईनं, फुल्या पाठवला नाही म्हणजे लेक म्हणून टाकून दिलं. हे मला वणी आगाराच्या किसनरावांनी सांगितलं. त्यांची बहीण मुकुटबनला तिच्या शेजारी राहते. रिटायर झाल्यावर मी तीनदा मुकुटबनला गेलो. तीनदा स्थानकावर चहा पिऊन त्याच गाडीनं परत आलो.

तू विचारलं होतं, खिसा कशाला ठेवला. शर्ट विरला होता, मी फेकायला काढला होता. सोनी म्हणाली, लेकीच्या पाठीवर बापाचा शर्ट असू दे. खिसा काढू का विचारलं, तर मीच म्हणालो, राहू दे.

तो डबा घरात आहे. सोनी त्यात तुरीची डाळ ठेवते. मी यवतमाळहून आणला असं तिला वाटतं. बारा वर्षं मी रोज त्यातलं वरण खातो आहे, नसरीन.

भावसिंग

---

आर्णी,
१५ जानेवारी २०२५

काका,

मला तुमचा फार राग आला. दोन दिवस मी शकीलशीसुद्धा नीट बोलले नाही, त्यांचा काही संबंध नसताना. दोन बाया बारा वर्षं एकमेकींवर रुसून बसल्या आणि दोघींचाही काही दोष नाही! मी कापड कापलं, काका. तुम्ही काय कापलं ते तुम्हाला माहीत आहे.

तिसऱ्या दिवशी तुमचं पत्र पुन्हा वाचलं. पाच कागद चुलीत घातल्यावर सहावा तुम्ही पाठवलात, हे तेव्हा लक्षात आलं. मग मशीनवर बसले.

लॅम्पशेड उसवली. आरशाची चौकट उसवली. उशी तर अर्धवटच होती. पुसदला जाऊन डॉक्टरीणबाईंना भेटले. त्यांनी चहा दिला, सगळं ऐकलं, डोळे पुसले आणि तुकडा मात्र दिला नाही. म्हणाल्या, "हे ऐकल्यावर तर मी मुळीच देणार नाही." अशीही माणसं असतात. मग माझ्याकडे तीन पाव फुल्या उरला. चौथी जागा मी रिकामी सोडली नाही, दुसरं भरतकामही लावलं नाही. आतला खाकी शर्ट काढला आणि तिथे वरून लावला, खिशासकट. खिशाची कड उलटी करून टाचली, म्हणजे नाव वाचता येतं. सासूबाई बराच वेळ बघत उभ्या होत्या. एरवी तुटक्या वस्तूंवर बोलणाऱ्या बाईनं सुई ओवून माझ्या हातात दिली.

प्रदर्शन ८ आणि ९ फेब्रुवारीला आहे. फुल्या मधोमध लागेल, खाली नाव सोनीबाई आडे. तुम्ही काकूंना घेऊन या. पण त्यांनी तो शर्ट भिंतीवर पाहायच्या आधी त्यांना तुमच्या तोंडून कळलं पाहिजे. तुम्ही सांगितलं नाहीत तर दहा तारखेला मी सगळं लिहून तांड्याच्या पत्त्यावर सोनीबाईंच्या नावानं पाठवीन. कोणी ना कोणी त्यांना वाचून दाखवीलच. ही धमकी नाही असं लिहिणार होते, पण मागेच एकदा खोटं लिहिलं आहे. धमकीच आहे.

नसरीन

---

आर्णी,
११ फेब्रुवारी २०२५

काका,

तुम्ही आला नाहीत. दोन्ही दिवस मी दाराकडे बघत होते. लाल पदराची, आरशांच्या चोळीची कोणी म्हातारी बाई आत आली की मी उठायचे, आणि ती निघायची दुसरीच. फुल्यापुढे लोक थांबत होते. हा खिसा कोणाचा म्हणून विचारत होते. मी सांगितलं, विचारू नका, अजून ठरायचं आहे.

काल काकूंच्या नावाचं पत्र लिहिलं, पाकीट बंद केलं, पोस्टापर्यंत गेले आणि टाकलं नाही. मी परकी, तुमच्या घरात काडी कशी लावणार? पाकीट पर्समध्ये आहे. तुमची तब्येत बरी आहे ना, एवढंच कळवा. फुलचंदकडून निरोप नाही, म्हणून जीव खालीवर होतो आहे.

नसरीन

---

नेर,
२८ फेब्रुवारी २०२५

नसरीन बेटा,

आम्ही निघालो होतो. आठ तारखेला सकाळच्या गाडीनं. सोनीला एवढंच सांगितलं होतं की यवतमाळला भरतकामाचं प्रदर्शन आहे. तिनं डोक्यावर नवी टुकरी, म्हणजे आमची ओढणी, घेतली, भाकरी बांधली.

घरात सांगायचं ठरवलं होतं, जमलं नाही. शेवटी गाडीत सांगितलं, कारण मला गाडीतच बोलता येतं. आयुष्यभर गाडीत मोठ्यानं बोललो, हे हळू बोललो. दोन-चार वाक्यांत संपलं. ती समोर बघत होती. तिनं एकच विचारलं, "डबा?" मी म्हणालो, "तोच."

ती उठली आणि घंटीची दोरी ओढली. कंडक्टर विक्की माझ्याच हाताखाली शिकलेला पोरगा. म्हणाला, "काकू, येथी स्टॉप नाई." सोनी म्हणाली, "आता हाय." आणि उतरली. मी मागून उतरलो.

तो कुठला तरी फाटा होता, एक लिंबाचं झाड आणि एक मोडका कट्टा. ती कट्ट्यावर बसली, मी झाडाखाली उभा. दोन तास गेले. मग भाकरी सोडली आणि एकटीच खाल्ली. मला विचारलं नाही. बेचाळीस वर्षांत हे पहिल्यांदा झालं. नेरला परत जाणारी गाडी आली, मी सवयीनं हात केला. ती जागची हलली नाही. गाडी गेली. मग यवतमाळची आली, तेव्हा तिनं हात केला. आत चढल्यावर मला म्हणाली, "तू पुढं बस."

यवतमाळला उतरलो. मी म्हणालो, प्रदर्शन या बाजूला आहे. ती म्हणाली, "फुल्या भितीवर हाय ना? तो काही पळून नाई जात. पहिले पोरगी." आणि वणीची गाडी विचारायला गेली. तुला दोन दिवस वाट पाहायला लावली त्याचं कारण हे.

मुकुटबनला पोचेपर्यंत उन्हं कलली होती. घर विचारावं लागलं नाही, किसनरावांनी खुणा सांगून ठेवल्या होत्या. संगीता अंगणात तूर पाखडत होती. तिच्या हातून सूप सुटलं. मी रस्त्यावरच थांबलो. सोनी आत गेली, लेकीच्या गळ्यात पडली आणि ढावलो म्हणायला लागली. आमच्यात नवरी सासरी निघताना एकेकाच्या गळ्यात पडून रडत रडत गाते, त्याला ढावलो म्हणतात. गायचं असतं नवरीनं. इथं आईनंच सुरू केलं. दोन ओळी झाल्यावर संगीतानं सूर घेतला. ती विसरली नव्हती. एवढा मोठा आवाज झाला की गल्लीतली माणसं धावत आली. एका म्हाताऱ्यानं मला विचारलं, "कोन गेलं जी?" मी म्हणालो, "कोणी नाही. लग्न आहे."

आईनंतर नवरी बापाकडे येते, अशी रीत आहे. मी टोपी काढून हातात घेतली आणि उभा राहिलो. ती आली नाही. कपिलनं पाणी आणून दिलं. चांगला मुलगा आहे, माझ्याशी नजर चुकवली नाही. सोनी दारात येऊन म्हणाली, "मी येथी राह्यतो. तू जाय." मी संध्याकाळच्या गाडीनं परत आलो.

तुझं पत्र फुलचंदकडे पडून होतं. वाचलं. ते पाकीट आता फाडून टाक. आणि सोनीचा निरोप आहे, कपिलनं कळवलेला; तुझी पत्रं मी त्याच्याकडे देऊन आलो होतो, त्यानं तिला वाचून दाखवली. फुल्या तुझ्याकडेच ठेव, ती होळीच्या आधी संगीताला घेऊन आर्णीला येणार आहे. पुसदच्या बाईशी भांडू नको म्हणाली, डाव्या हाताचं काम कोणाला आवडलं याचंच तिला नवल वाटलं. खाकीवर मात्र काही भरू नको. ते आहे तसंच दिसू दे म्हणाली.

वीस दिवस झाले, मी एकटा आहे. स्वयंपाक जमतो तसा करतो. रोज संध्याकाळी सोनीचा फोन येतो. ती माझ्याशी बोलत नाही. फोन लावते आणि तसाच चालू ठेवून बाजूला ठेवते. तिकडे दोघी बोलत असतात, भांडी वाजतात, कधी हसतात, आणि मी इथं खाटेवर बसून ऐकतो. अर्धा तास, कधी जास्त. मग बंद होतो. मीही मध्ये बोलत नाही.

काल फोनमधून कोणीतरी विचारलं, "बा, जेवला काय?" आवाज सोनीचा नव्हता.

मी जेवलो होतो. तरी नाही म्हणालो.

तुझा काका,
भावसिंग